कुंपण नसलेलं गाव

"आमच्या वेळी इथे कुंपण घालायची सोयच नव्हती," कॅसलक्रॅगच्या पायवाटेवर भेटलेल्या आजी म्हणाल्या आणि समोरच्या नव्या, उंच पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिल्या. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

सिडनीचं हे उपनगर मिडल हार्बरच्या कड्यांवर वसलंय. कॅनबेराचा आराखडा करणारे वॉल्टर बर्ली ग्रिफिन आणि मॅरियन माहोनी ग्रिफिन यांनी 1920च्या दशकात ते आखलं. रस्ते सरळ न मारता डोंगराच्या वळणाने नेले. घरं बसकी, सपाट छपराची, तिथल्याच दगडाची. लाल कौलं नकोत, कुंपणं नकोत, झाडं तोडायची नाहीत. समोरचं पाणी आणि रान सगळ्यांचं!

आज त्यातलं एक जुनं घर जवळून पाहिलं. दगडी भिंतीला अगदी खेटून अँगोफोराचं झाड, गुलाबी-केशरी बुंध्याचं. घर बांधताना त्याला हातही लावलेला नाही. मला तिथून हलवेना.

यातले वॉल्टर ग्रिफिन 1935 मध्ये लखनौला गेले, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी. 1937 मध्ये तिथेच वारले, तिथेच पुरले गेले. आपल्याकडे किती जणांना हे माहीत असेल?

मोठं घर हवंसं वाटणं मी समजू शकते. पण जागा आवडते ती झाडांमुळे, आणि घेतल्यावर पहिली कुऱ्हाड झाडांवरच. असं का करतो आपण?