सालबर्डीच्या पहाडाला वळसा

सालबर्डीला जाणारे बहुतेक लोक एका वाटेनं जातात आणि त्याच वाटेनं परततात. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीहून पाळा गावावरून गाडी, माडू नदीचं पात्र, महादेवाची चढण, दर्शन, आणि खाली आल्यावर गरम पाण्याच्या झऱ्यावर हातपाय धुणं. महाशिवरात्रीला तर आपण चालतही नाही, गर्दीच आपल्याला पुढं नेते. मी याच मोर्शी तालुक्यात वाढले. ही वाट मला डोळे मिटून सांगता येईल. पण ज्या पहाडातून ती नदी बाहेर पडते त्याच्या पाठीमागं काय आहे, हे मी कधी पाहिलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात माझी नणंद, तिचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी, असे आम्ही तो वळसा पूर्ण घातला. गावातून निघून धारेवर चढायचं, मागच्या खोऱ्यात उतरायचं, नाल्यानं नदीपर्यंत यायचं आणि नदीकाठानं महादेव करून परत गावात. ज्यांना असं चालायची हौस आहे त्यांनी हे एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सगळं नीट लिहिते.

पहिली गोष्ट हंगामाची. मार्गशीर्ष-पौष हेच दिवस. पावसाळ्यात नाले कधी फुगतील याचा भरवसा नाही. पाऊस वर सातपुड्यात पडतो आणि खाली कोरड्या उन्हात उभ्या माणसापुढं लोंढा येतो. होळीनंतर पाणी आटतं, पानगळ झालेल्या सागाखाली सावली उरत नाही. शिवाय मोहाची फुलं पडायला लागली की पहाटे झाडाखाली अस्वलं असतात. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यातून वणवेही लागतात. तेव्हा त्या महिन्यांत या रानात हौसेनं शिरू नये.

दुसरी गोष्ट परवानगीची. सालबर्डी गाव अर्धं अमरावती जिल्ह्यात आणि अर्धं मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात. महादेवाचा पहाड पलीकडच्या बाजूला येतो. चालताना सीमा कुठं ओलांडली ते कळतही नाही, मोबाइलवर पलीकडच्या कंपनीचा स्वागताचा संदेश आला की कळतं. पण जंगल दोन खात्यांचं आहे. आम्ही दोन्हीकडच्या नाकेदारांना, म्हणजे वनरक्षकांना भेटलो, किती जण, कोणत्या बाजूनं जाणार, केव्हापर्यंत परतणार ते सांगितलं. दोघांनीही एकच विचारलं: सोबत गावचं कोण आहे?

ते ‘गावचं कोण’ म्हणजे दादाजी. सत्तरीच्या घरातला माणूस, जन्मभर या पहाडात ढोरं चारलेली. त्यांच्या अंगणात बाजेवर बसून आम्ही बेत सांगितला, तेव्हा त्यांनी आधी नणंदेच्या पायातल्या चपला पाहिल्या आणि मग विचारलं, “तुमाले फिराचं हाये का पोचाचं हाये?”

“पूर्ण फिरायचं आहे, दादाजी. आलो त्या वाटेनं परत यायचं नाही.”

“मंग सक्काळीच निंगा लागते. खोऱ्यात उन्ह लवकर बुडते. अन् हे चपला चालनार नाई, बाई. कुसळ लय हाये.”

मजुरी त्यांनी सांगितली त्यापेक्षा जास्त ठरवली. ते नको म्हणत होते, पण वाट माहीत असणं हे काम आहे आणि कामाचे पैसे द्यावेत, या मताची मी आहे.

शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कोरडा झुणका आणि पिशवीभर संत्री. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात हिवाळ्यात संत्र्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, आणि चढणीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पाणी माणशी तीन लिटर. दादाजींनी मात्र एक छोटी बाटली घेतली. त्यांना झिरे कुठं आहेत ते ठाऊक होतं.

फटफटायच्या आधी निघालो. गावाबाहेर पांधनीनं संत्र्याच्या बागांच्या कडेकडेनं गेलो, मग कुंपणं संपली आणि पळसाची झुडपं सुरू झाली. पहिला चढ अंगावर येणारा आहे. काळ्या दगडाचे सुटे तुकडे पायाखाली फिरतात. दादाजी थांबत नव्हते आणि घाईही करत नव्हते. त्यांच्या पावलांचं अंतर सपाटीवर जेवढं तेवढंच चढावर. आम्ही त्यांच्यामागं तसंच चालायला लागलो आणि दम लागणं कमी झालं. पहाड चढायचं याहून चांगलं शिक्षण मला कोणी दिलेलं नाही.

धारेवरचं चालणं सोपं होतं. साग, धावडा, मधूनच पांढुरक्या सालीची सालई. डावीकडं दक्षिणेला सगळं वऱ्हाड उघडं पडलेलं, बागांचे हिरवे चौकोन, आणि लांब धुक्यात अप्पर वर्धा धरणाचं पाणी. उजवीकडं मात्र पहाडामागं पहाड. वानरांचा एक कळप बराच वेळ आमच्या बाजूनं झाडांवरून चालत होता. हुप्प्यानं एकदाच खाकरल्यासारखा आवाज काढला, तेव्हा दादाजींनी हात वर करून आम्हाला थांबवलं, खाली वाकून पायवाट निरखली आणि म्हणाले, “काई नाई, आपल्यालेच बोलते.” बिबट्या दिसला की वानरांचा आवाज वेगळा असतो, तो त्यांनी काढूनही दाखवला.

खरी मजा मागच्या बाजूला उतरताना आहे, आणि इथं घाई करू नये. वरचा सगळा पहाड काळ्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचा. उतरता उतरता एका ठिकाणी काळा दगड संपतो आणि खाली फिकट, चुनखडीसारखा, कुठं तांबूस, कुठं हिरवट झाक असलेला थर लागतो. भाच्यानं अमरावतीच्या त्याच्या भूगर्भशास्त्राच्या सरांकडून आधीच माहिती काढून आणली होती. या थराला लमेटा म्हणतात. लाव्हा पसरायच्या आधी इथं नद्या आणि उथळ तळी होती, त्यांचा हा गाळ. सालबर्डीच्या परिसरात याच थरात डायनासोरची हाडं आणि अंडी सापडली आहेत. साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीची ती जनावरं. लांब मानेची, झाडपाला खाणारी, प्रचंड. त्यांनी ज्या गाळात अंडी घातली तो पुढं लाव्ह्याखाली गाडला गेला, आणि आता नाल्यांनी वरचा पहाड कापत आणल्यावर पुन्हा उघडा पडतो आहे.

मी शाळेत भूगोल शिकले, परीक्षेत दख्खनच्या पठारावर टिपा लिहिल्या. पण काळा दगड जिथं संपतो आणि पांढरा सुरू होतो, त्या रेघेवर एक हात खाली, एक हात वर ठेवून उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळलं की पहाडालासुद्धा एक ‘आधी’ होतं. भाच्याला मी एकही दगड खिशात टाकू दिला नाही. अशा जागा एकेक खडा करत रिकाम्या होतात. संशोधकाला दगड कुठल्या थरात पडला होता हे पाहायचं असतं, आपल्या कपाटातला दगड त्याला काही सांगू शकत नाही. दादाजी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “आमी लहानपनी म्हनो, राक्षसाचे हाडं हायेत.”

खोऱ्याच्या तळाशी नाला आहे, आणि हे रान वरच्यापेक्षा अगदी वेगळं. वर सगळं कोरडं. खाली जांभूळ, अर्जुन, करंज, दाट गार सावली. हिवाळ्यात नाला वाहत नव्हता, पण वळणावळणावर डोह होते. एका डोहापाशी बसून भाकरी खाल्ल्या. दादाजींनी रेतीत हातानं खड्डा केला, पहिलं गढूळ पाणी काढून टाकलं, पुन्हा काढलं, आणि थोड्या वेळानं झिऱ्यात स्वच्छ पाणी उभं राहिलं. त्यांनी तेच प्यायलं. आम्ही आमच्या बाटल्यांतलं प्यायलो, कारण पोटाला सवय नसताना असले प्रयोग रानात करू नयेत.

इथं वळशाची चाल पक्की करावी लागते. आल्या वाटेनं परतायचं असेल तर माणूस कधीही मागं फिरू शकतो. वळशात अर्ध्यावर आलं की मागं जायला जेवढा वेळ, तेवढाच पुढं जायला. नणंदेचा गुडघा उतरणीवर बोलायला लागला होता. दादाजींनी तिला चार पावलं इकडं, चार तिकडं चालायला लावलं, मग विचारलं, “चढाले दुखते का उतराले?”

“उतरताना.”

“मंग पुढंच चाला. मांगं गेलो तं धारेवरून गावाकडं सगळा उतारच हाये. हा नाला सपाट हाये, महादेवापोत.”

जिथं दुखतं ते पाहून वाट ठरवायची, अंतर पाहून नाही. नकाशा उघडून मी उलटाच निर्णय घेतला असता, कारण कागदावर मागची वाट थोडी कमी दिसत होती. त्यांनी पळसाची एक काठी तोडून, सोलून तिच्या हातात दिली. नाल्यातल्या गोट्यांवरून चालणं संथ होतं, पण गुडघ्यानं पुन्हा तक्रार केली नाही.

नाला नदीला मिळतो तिथं खोरं रुंद होतं. काठावरून महादेवाच्या पहाडाकडं जाताना दादाजी या ठिकाणाच्या गोष्टी सांगत होते. भस्मासुर मागं लागला तेव्हा महादेव इथल्या गुहेत लपले, आणि गुहेतून भुयार थेट पचमढीच्या मोठ्या महादेवापर्यंत जातं, ही गोष्ट दोन्ही राज्यांतले लोक सांगतात. सीतामाई इथंच वाल्मीकींच्या आश्रमात राहिली, लव-कुश इथलेच, असंही. आणि महानुभाव पंथात सांगतात की चक्रधरस्वामींनी याच पहाडात बारा वर्षं तप केलं. त्यांचे गुरू गोविंदप्रभू याच तालुक्यातल्या रिद्धपूरचे. तेराव्या शतकातली ही गोष्ट. मराठी गद्याचा उगम ज्या माणसाभोवती झाला, तो माणूस बोलायला लागण्याआधी या रानात गप्प राहिला होता असं मानणारे लोक इथं आहेत, आणि त्या शांत नदीकाठानं चालताना मला ते पटत गेलं.

महादेवाच्या गुहेपाशी दुपार कलली होती. वाकून आत जावं लागतं. वरून पाणी ठिबकत असतं. यात्रेत इथं श्वास घ्यायला जागा नसते. त्या दिवशी आम्ही चौघं आणि एक म्हातारं जोडपं, एवढेच होतो. पुजारी नव्हते, घंटा कोणी वाजवली नाही. पाणी खडकावर पडल्याचा आवाज मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला.

तिथून गाव जवळ, वाट रुळलेली. गरम पाण्याच्या झऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन पहाडाच्या माथ्यावर सरकलं होतं. इथं एक झरा गरम आणि एक थंड. लोक याला सीतेची न्हाणी म्हणतात आणि त्वचेच्या रोगांवर पाणी गुणकारी मानतात. पाणी उकळतं नाही, अंगाला सोसवेल इतकं ऊन. दिवसभर चाललेल्या पायांना ते काय वाटतं, ते चालून आल्याशिवाय कळायचं नाही. नणंद बराच वेळ गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसली.

या पाण्याखाली ज्वालामुखी आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जमिनीत खोल जावं तशी उष्णता वाढत जाते, साधारण दर किलोमीटरला 25 ते 30 अंश. पहाडावर पडलेलं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं, आणि जिथं खडक तुटून सरकलेला असतो त्या भेगेनं पुन्हा वर येतं. सालबर्डीजवळ खडकात असा मोठा भ्रंश आहे. म्हणजे सकाळपासून आम्ही ज्या रानात फिरलो, त्या रानावर कितीतरी वर्षांपूर्वी पडलेला पाऊस आता आमच्या पायांवरून वाहत होता. वर झाडं राहिली, पाणी मुरत राहिलं, तरच खाली झरा. एवढ्यासाठी तरी झऱ्यावर साबण लावू नये, शाम्पूच्या पुड्या टाकू नयेत. यात्रा झाल्यावर तिथं जो कचरा पडतो तो पाहून मला दरवर्षी राग येतो, आणि आता वरचं खोरं पाहिल्यावर तो वाढला आहे. आम्ही होतो तेवढ्या वेळात भाच्यानं दोन पिशव्या प्लास्टिक गोळा केलं.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडं. वळसा आम्ही घातला त्याच दिशेनं घालावा: चढ सकाळच्या गारव्यात, उतार ताज्या पायांनी, शेवटी सपाट नदीकाठ. पूर्ण बाह्यांचे जाड कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत, नाहीतर घरी येऊन कुसळं काढण्यात संध्याकाळ जाते. मोबाइलवर विसंबू नये, मागच्या खोऱ्यात तो चालत नाही. पौषात सहाच्या आत सूर्य मावळतो आणि नाल्यात त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं, म्हणून दुपारी दोनपर्यंत डोहापाशी पोचला नाहीत तर पुढचं सावकाश चालण्याची चैन सोडा. आणि गावातला माणूस सोबत घ्याच, वाट फोनमध्ये असली तरी.

दादाजींना पैसे दिले तेव्हा त्यांनी ते मोजले नाहीत, काठी मात्र नणंदेकडून मागून घेतली आणि दाराशी टेकवून ठेवली. आश्विनात या म्हणाले, तेव्हा नाला वाहता असतो आणि पाऊस संपलेला असतो. नणंदेनं लगेच होकार दिला. तोवर गुडघ्याचे व्यायाम करायचे तिनं कबूल केलं आहे.