पाकिटावर ‘साखर नाही’ छापायचं होतं, त्या दिवशी

संध्याकाळी पाचपर्यंत छपाईवाल्यांना होकार कळवायचा होता. ग्रॅव्हुअर छपाईत एकदा सिलिंडर कोरले गेले की मजकुरात काना-मात्राही हलत नाही, बदल करायचा तर सिलिंडरच नवे. पाकिटाच्या दर्शनी भागावर, आमच्या नावापेक्षाही ठळक अक्षरांत दोन शब्द होते : ‘साखर नाही’.

ते शब्द मी लिहिले होते आणि माझा त्यांवर मनापासून विश्वास होता. मुलांच्या खाऊत साखरेचा एक कणही घालायचा नाही, हे ठरवूनच मी या धंद्यात उतरले होते. दीड वर्ष खपून बनवलेल्या पंचवीस ग्रॅमच्या त्या बारमध्ये ओट्स, शेंगदाण्याचं बटर, तीळ, खजुराचा गर आणि सफरचंदाच्या रसाचा आटवलेला पाक एवढंच होतं.

सकाळी एका शाळेच्या सभागृहात चवीची चाचणी होती. सहा ते दहा वर्षांची एकतीस मुलं, सोबत पालक. शेंगदाणा आणि तीळ या दोन्हींची काही मुलांना तीव्र ॲलर्जी असते, म्हणून संमतीपत्रात तो प्रश्न सगळ्यांत वर ठेवला होता. दोन मुलांना त्यामुळे आधीच वगळलं होतं. इतक्या लहान मुलांना एक ते नऊ गुण द्यायला सांगून उपयोग नसतो. त्यांच्यासाठी रडक्यापासून हसऱ्यापर्यंत चेहऱ्यांची पट्टी असते, त्यातल्या एकावर खूण करायची. मुलं लांब लांब बसवावी लागतात, नाहीतर शेजारच्याची खूण बघून आपली करतात. शिवाय वाटणाऱ्या माणसानं हसायचंही नाही, कारण मुलं समोरच्याला खूश करायला ‘आवडलं’ म्हणतात.

एकतीसपैकी सव्वीस जणांनी सगळ्यांत हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली. माझे डोळे भरून आले.

शेवटच्या रांगेत एक मुलगा बार हातात धरून बसला होता. फोडलेला नव्हता. त्याची आई माझ्याकडे आली.

“ताई, एका बारमध्ये कार्ब किती आहेत?”

मुलाला टाइप १ मधुमेह होता. त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे प्रत्येक खाण्यातले कर्बोदकांचे ग्रॅम मोजून त्या हिशेबानं इन्सुलिन द्यावं लागतं. ती म्हणाली, “साखर नाही असं वाचलं, म्हणून आणलं त्याला. सगळ्यांबरोबर एकदा तरी खाऊ दे म्हटलं. पण आकडा लागतो मला.”

आकडा माझ्याकडे होता. प्रयोगशाळेचा अहवाल सकाळीच मेलवर आला होता आणि चाचणीच्या गडबडीत मी तो उघडला नव्हता. तिच्यासमोरच मोबाइलवर उघडला. दर शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं ६० ग्रॅम. त्याच्या खालच्या ओळीत : त्यांपैकी एकूण साखर ३६ ग्रॅम.

“म्हणजे एकात पंधरा,” ती लगेच म्हणाली. मी अजून खालच्या ओळीवरच होते. एका बारमध्ये नऊ ग्रॅम साखर. दोन चमच्यांहून जास्त.

तिनं मुलाला इन्सुलिन दिलं, थोडा वेळ थांबली आणि मग बार फोडून दिला. जाताना अगदी शांतपणे म्हणाली, “मी मोजूनच देते हो. पण मी कामावर असते तेव्हा आजी असते घरी. ती पाकीट वाचून देईल.”

ती रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमचे अन्नतंत्रज्ञ, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, ते दोन महिन्यांपूर्वीच मला म्हणाले होते, “फळातून आली तरी ती साखरच.” मी तेव्हा ‘नैसर्गिक आहे’ म्हणून विषय संपवला होता. त्या दुपारी मी त्यांच्यासमोर बसून सगळं नीट समजून घेतलं. अख्खं फळ खाताना साखर पेशींच्या आत, तंतूंसकट असते; चावायला वेळ लागतो, पोट भरतं. रस आटवला की उरतो तो साखरेचा पाक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांच्या रसाचा पाक हे थेट ‘मुक्त साखरे’त, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच वर्गात, मोजले आहेत. ब्रिटनची व्याख्या तर फळांचा वाटलेला गरही त्यातच धरते. ही मुक्त साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, पाचच्या आत असेल तर आणखी चांगलं. दिवसाला १४०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलाला पाच टक्के म्हणजे साधारण साडेसतरा ग्रॅम. आमचा एक बार त्यातला निम्मा वाटा संपवत होता, तोही ‘साखर नाही’ म्हणत.

सरांनी कोडेक्सचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतले, पोषणविषयक दाव्यांचे निकष काढून दाखवले. ‘साखर नाही’ म्हणायला शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही. मी म्हटलं, मग ‘वरून साखर घातलेली नाही’ असं लिहू. त्यालाही अट होती : साखरेची जागा घेणारा घटकही नसावा. आणि उदाहरणं कोणती, तर फळांच्या रसाचा पाक आणि सुक्या फळांचा गर. आमचेच दोन घटक, एकापाठोपाठ एक.

पावणेपाचला फोन करून मी छपाई थांबवली.

त्यानंतरचे सात महिने कठीण गेले. गर कमी केला की बार हातात भुगा व्हायचा, कारण सगळं बांधून ठेवायचं काम तोच करत होता. शिवाय साखर पाण्याला धरून ठेवते. ती कमी केली की मोकळं पाणी वाढतं आणि बुरशीला वाव मिळतो. हे मोकळं पाणी शून्य ते एक अशा मापात मोजतात, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात; ती ०.६ च्या खाली असेल तर सूक्ष्मजीव वाढत नाहीत. आमचे नवे नमुने ०.७ च्या वर जात होते, आणि त्यांतल्या काहींवर तीन आठवड्यांत पांढरे ठिपके आले. शेवटी मऊ बारचा हट्ट सोडला आणि तेच मिश्रण पातळ लाटून, भाजून, कुरकुरीत चौकोन केले. पाणी भट्टीतच उडालं. साखर शंभर ग्रॅमला सहावर आली.

पुढच्या चाचणीत हसऱ्या चेहऱ्यांवर फक्त अकरा खुणा पडल्या. मला रडू आलं, पण या वेळी मी मागे फिरले नाही. नवी चव मुलांच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आम्ही त्याच मुलांना महिनाभर, एक दिवसाआड, जबरदस्ती न करता थोडे थोडे चौकोन दिले. महिन्याअखेरीस खुणा एकोणीस झाल्या. सव्वीस नाहीतच.

पाकिटावर जिथे ते दोन शब्द होते तिथे आता फक्त आकडे आहेत : एका पाकिटात कर्बोदकं १५ ग्रॅम, त्यांपैकी साखर दीड ग्रॅम. पहिल्या घाण्यातली पाकिटं मी त्या आईकडे पाठवली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. मुलाला आवडलं की नाही, हे ती बोललीच नाही.

“ताई, हे पंधरा प्रत्येक पाकिटात पंधराच असतात ना?”

तेव्हा आम्ही दर दहाव्या घाण्याला नमुना तपासत होतो. आता प्रत्येक घाण्याचा तपासतो.