पहिला डिटेक्टर, काळी माती आणि मामाचा पाना

मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं मशीन, हातात येऊन दीड महिना झाला, म्हणून आता एकदाचं सगळं लिहून टाकतो. आणि खरं सांगायचं तर हे माझं पहिलं मशीन नाहीच, दुसरं आहे. पहिलं दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन घेतलं होतं, पाच-सहा हजारांचं, बॉक्सवर "दोन मीटर खोल" असं छापलेलं आणि शेजारी सोन्याच्या नाण्यांनी भरलेल्या हंड्याचा फोटो. आलं त्या दिवशी घरातच फरशीवर चालू केलं तर नुसतं कुंई कुंई कुंई, मला वाटलं पीस खराब आलाय, परत करायला पॅकसुद्धा केलं होतं, तेवढ्यात भावानं सांगितलं अरे खाली स्लॅबमध्ये सळई आहे की बे. (अशी फजिती मोठ्यामोठ्यांची झालीय बरं का, १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाला ग्राहम बेल असलंच यंत्र घेऊन गेला होता आणि गादीखालच्या स्टीलच्या तारांनी त्याला चकवलं.)

मग रविवारी मोहोळकडच्या मामाच्या रानात नेलं. तिथं सळई नाही, पत्रा नाही, नुसती काळी माती. तरी तेच. कॉइल (दांड्याच्या खालच्या टोकाची गोल चकती) जमिनीजवळ आणली की ओरडतंय, वर उचलली की गप. सेन्सिटिव्हिटी कमी करत करत इतकी खाली आणली की शेवटी ते शांत झालं, पण मग पाच रुपयांचं नाणं चार बोटं खाली पुरलं तर तेही दिसेना. मामा बांधावर बसून बघत होता, म्हणाला, "कायबे, मातीच सोन्याची निघाली का काय आमची?"

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझे पुढचे दोन महिने गेले, आणि नवीन माणसानं मशीन घ्यायच्या आधी नेमकं हेच समजून घ्यावं असं मला वाटतं. आपली काळी माती म्हणजे बेसाल्ट खडक झिजून झालेली माती, आणि त्या खडकात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारं खनिज. खोटं वाटत असेल तर जुन्या स्पीकरचं मॅग्नेट कागदात गुंडाळून वाळलेल्या मातीत फिरवा, काळी पूड चिकटून येते, मी करून बघितलंय. आता आपल्या बजेटमधले डिटेक्टर बहुतेक व्हीएलएफ असतात, म्हणजे एक कॉइल सतत चुंबकीय लहरी सोडते, त्यामुळं धातूत करंट फिरतो आणि धातूकडून उलट जी लहर येते ती दुसरी कॉइल पकडते. ती लहर किती मागे पडून आली त्यावरून मशीन अंदाज बांधतं की लोखंड आहे, तांबं आहे का चांदी. पण मॅग्नेटाइट पण उत्तर देतं ना! आणि माती चहूबाजूला, नाणं एवढंसं. बाजारात लाउडस्पीकर लावलेला असताना लांबून कोणीतरी हाक मारावी तसं होतं.

त्यावरचा उपाय म्हणजे ग्राउंड बॅलन्स. कॉइल जमिनीवर वर-खाली पंपासारखी हलवायची, मशीन त्या मातीचा आवाज ओळखतं आणि तेवढा वजा करतं. माझ्या स्वस्त मशीनला ही सोयच नव्हती, फॅक्टरीत जे सेट केलं तेच, आणि ते बहुतेक साध्या मातीसाठी असावं.

तेव्हापासून मी "किती खोल" विचारणं सोडून दिलं. नाण्याएवढी वस्तू चांगलं व्हीएलएफ मशीन वीतभर, फार तर त्याच्या थोडं खाली दाखवतं, आपल्या मातीत त्याहून कमीच धरा. दोन मीटरवर दिसायला खाली पिंप पाहिजे.

आता नाण्यांचा विषय, कारण बाहेरच्या लोकांचे व्हिडिओ बघून आपण इथंच फसतो. ते सांगतात डिस्क्रिमिनेशन लावा, लोखंड बंद करा, म्हणजे खिळे वाजत नाहीत. बरोबर आहे, पण आपलं एक रुपयाचं नाणं १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचं आहे, आणि तेही मॅग्नेटला चिकटणारं! दोन रुपयांचं पण नंतर तसंच झालं. म्हणजे लोखंड बंद केलं की निम्मी चिल्लर खिळ्यांबरोबर गायब. उलट जुनी दहा पैशाची फुलासारखी कडा असलेली, पाच पैशाची चौकोनी, ही ॲल्युमिनियमची नाणी मस्त स्वच्छ वाजतात, आणि जुनं तांबं-निकेलचं चार आणे पण. मी घरी कुंडीत काळी माती भरून ही सगळी नाणी एकेक करून पुरली, आकडे वहीत लिहून ठेवले. आईला वाटलं मी काहीतरी पेरलंय, दोन दिवस पाणी घातलं तिनं. त्यातनं एक नवीन कळलं, ओल्या मातीत आणि वाळलेल्या मातीत मशीन वेगळं वागतं, म्हणजे पाऊस पडून गेला की ग्राउंड बॅलन्स परत करायचा.

अजून एक आपल्याकडचाच घोळ. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, कधीकधी काठीपण जाते. वर पडलेलं नाणं त्या भेगेत गेलं की संपलं, पावसात माती फुगते, भेग मिटते आणि नाणं राहतं खालीच. काळी माती अशी दरवर्षी स्वतःच स्वतःला उलथते. म्हणून आता मी भर काळ्या रानात वेळ घालवत नाही, बांधाकडेला, वस्तीजवळच्या मुरमाड जागेत, जुन्या खळ्यावर आणि चिंचेखाली फिरतो. मुरमात वस्तू वरच राहते.

मशीन निवडताना यादीत तीन-चार होती. गॅरेटची एस सिरीज सगळेच सुचवतात, हलकी आणि शिकायला सोपी, पण एस ३०० ला हातानं ग्राउंड बॅलन्स करता येत नाही, म्हणून माझ्यासाठी बाद. (कोकणात पांढऱ्या वाळूवर फिरणार असाल तर गोष्ट वेगळी.) मायनलॅबची व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडते, ती आवडली होती, पण कंट्रोल बॉक्स वॉटरप्रूफ नाही आणि मला ओढ्याकाठी फिरायचंय. पीआय (पल्स इंडक्शन, म्हणजे सतत लहर न सोडता थांबून थांबून झटके देणारं) प्रकारचं घ्यावं असं एकानं सुचवलं, ते मातीला दाद देत नाही हे खरं, पण खिळा कुठला आणि नाणं कुठलं ते नीट सांगत नाही, आणि आपल्या रानात खिळे किती! बैलाच्या खुराला पत्री (लोखंडी नाल) मारायचे ते दिवस गेले, खिळे राहिले.

शेवटी नोक्ता सिम्प्लेक्स प्लस घेतलं, तुर्कीचं आहे, १२ किलोहर्ट्झ, सेकंडहँड. ग्राउंड बॅलन्स ऑटो पण आहे, हातानं पण आहे. तीन मीटर पाण्यात चालतं, बॅटरी आतच आहे, चार्ज करायची. वजन एक किलो तीनशे ग्रॅम, ऐकायला काहीच नाही पण तासाभरानं खांदा बोलतो.

आणि पिनपॉइंटर (खड्ड्यात घालून वस्तू नेमकी कुठं आहे ते सांगणारा हातातला छोटा डिटेक्टर) लगेच घ्या, पुढच्या महिन्यात बघू म्हणू नका. ढेकळात नाणं आणि माती एकाच रंगाचं दिसतं, मी एकदा पाऊण तास एक ढेकूळ फोडत बसलोय. खुरपं लांब ठेवायचं, ते कॉइलला दिसतं. मोटर चालू असेल किंवा वरनं हाय टेन्शनची लाईन असेल तरी मशीन वेडं होतं, तेव्हा सेन्सिटिव्हिटी दोन पायऱ्या कमी.

कुठं फिरायचं हे मात्र मशीनच्या आधी ठरवा. भुईकोट किल्ल्याकडं बघायचं पण नाही, संरक्षित स्मारकापासून १०० मीटर आणि पुढं अजून २०० मीटर खोदण्याबांधण्याचे नियम कडक आहेत. आणि १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. हो, दहा रुपये! आकडा तेव्हाचाच आहे अजून. आमच्या सोलापुरात गड्ड्याची जत्रा संपल्यावर होम मैदानावर काय काय पडलं असेल ह्या विचारानं जानेवारीत मला झोप येत नव्हती, पण परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही. मी फक्त ओळखीच्यांच्या रानात, मालकाला सांगून, खड्डा परत बुजवून. तरीसुद्धा तिसऱ्या रविवारी गावात बातमी फिरली की मामाच्या रानात गुप्तधन शोधायला सोलापूरहून माणूस आलाय, मग मामीनं कंटाळून सगळ्यांना माझी पिशवी उघडून दाखवली.

पिशवीत आतापर्यंत: बाटल्यांचे बिल्ले एकवीस, खिळे मोजले नाहीत, ड्रिपच्या तारेचे तुकडे, एक पितळी घुंगरू (बैलाच्या गळ्यातलं, आत गोटी अजून वाजते), दहा पैसे दोन, वीस पैसे एक, एक रुपया सात, आणि पत्रीचा अर्धा तुकडा जो आजोबांनी हातात घेऊन लई वेळ बघितला.

परवा मामाचा फोन. ट्रॅक्टरचा पाना रोटर मारताना कुठंतरी पडला, दोन वर्षं झाली, बघतो का म्हणे. गेलो. ऑल मेटल मोडवर ठेवलं, लोखंडच शोधायचं होतं ना, आणि बांधापासनं पट्ट्या पाडून चालत गेलो. सव्वा तासानं इतका जाड आवाज आला की हेडफोन काढला. हातभर खाली, गंजलेला, पण पानाच. मामानं पायजम्याला पुसला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "हा नाही बे. हा त्याच्या आधी हरवला होता तो."

पुढच्या रविवारी परत जातोय.