कूरसचे गोल दगड

स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनला बसमध्ये चढताना मी मोठ्या ऐटीत 'कलरॉस' म्हटलं. ड्रायव्हरने तिकीट देता देता शांतपणे 'कूरस' असं दुरुस्त केलं. स्पेलिंगमधला एल नुसता शोभेला!

फर्थ ऑफ फोर्थ या खाडीच्या काठावरचं हे गाव. लाल कौलं, चुन्याने लिंपलेल्या भिंती, आणि छपराच्या त्रिकोणी कडेला वरपर्यंत चढत गेलेल्या दगडी पायऱ्या. स्कॉट्स बोलीत त्यांना 'कॉर्बी स्टेप्स' म्हणतात. कॉर्बी म्हणजे कावळा. मान मोडेस्तोवर वर बघितलं, कावळा काही दिसला नाही. सगळ्या पायऱ्या सीगल्सनी बळकावलेल्या.

इथला पिवळाधमक पॅलेस म्हणजे राजवाडा नव्हेच, जॉर्ज ब्रूस नावाच्या कोळसा-मिठाच्या व्यापाऱ्याचं घर. 1597 ते 1611च्या दरम्यान बांधलेलं. खिडक्यांना वर काच, खाली लाकडी झडपा. कोळशात एवढा पैसा केला तरी काच जपूनच वापरलेली, हे मला फार आवडलं. त्याची खाण थेट समुद्राखाली गेली होती. 1617 मध्ये सहावा जेम्स राजा ती बघायला आत उतरला, दुसऱ्या तोंडाने वर आला तर चहूकडे पाणी! दगाफटका झाला म्हणून तो ओरडला, असं सांगतात. आठ वर्षांनी वादळाने खाण बुडवली.

गावाची आणखी एक ख्याती म्हणजे लोखंडी 'गर्डल'. गर्डल म्हणजे चक्क तवा. ते बनवायचा मक्ता राजाने या गावाला दिला होता. राजाच्या फजितीपेक्षा मी यातच जास्त रमले.

पण खरी गंमत रस्त्यात. पाऊस भुरभुरत होता, माझे बूट गुळगुळीत तळाचे, आणि गल्लीतले गोल दगड साबणासारखे. दोनदा घसरल्यावर मी मधल्या, जराशा उंच सपाट फरश्यांवरून चालू लागले. मग कळलं, ती वाट पूर्वी बड्या लोकांची. बाकीच्यांनी कडेने, वाहत्या घाणीतून जायचं.

परतताना समोरून एक आजी कुत्र्याला घेऊन चढत आल्या. दोघी थबकलो. मी मुकाट्याने कडेच्या गोल दगडांवर उतरले, आजीही नेमक्या त्याच वेळी पलीकडे उतरल्या. मधून कुत्रं गेलं.