१७ इंची रिम आणि मागचे मेलेले ब्रेक

इंदूरला मी अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचंच काम करतो, गेली २२ वर्षं, इंजिनाला हात लावत नाही. त्या सोमवारी शटर वर केलं होतं, पोहे-जलेबी अजून पुडीतच होते, तेवढ्यात एक पांढरी स्विफ्ट डिझेल समोर येऊन थांबली. थांबली म्हणजे दोनदा पेडल मारून थांबली, ते मी बघितलं. गाडी जमिनीला टेकलेली, १७ इंची काळे रिम, त्यातून डोकावणारे लाल रंगवलेले कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबून धरणारे चिमटे. आतून विशी-बाविशीचा पोरगा उतरला आणि मागच्या सीटवरून त्याची आई.

पोराने मोबाइल पुढे केला, त्यात यादी. समोर भोकं पाडलेली मोठी ब्रेक डिस्क, कॉइलओव्हर म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप, मागे जाड अँटी-रोल बार, वळणावर गाडी कलू न देणारा दांडा. "काका, ८० हजार जमवलेत, पगारातले, यात काय काय बसेल?"

मी म्हटलं आधी झालं काय ते सांग, तर तो जमिनीकडे बघायला लागला आणि आईच बोलली. रविवारी चौघं ओंकारेश्वरला निघाले होते, सिमरोल मागे पडलं, भेरूघाट उतरताना जळका वास यायला लागला आणि मग पेडल मऊ होत होत एका वळणावर चक्क तळाला गेलं. हँडब्रेक ओढत आणि दुसऱ्या गिअरवर कसंबसं उतरले. "दादा, याला हौस आहे हो, असू दे. मला फक्त ती थांबायला हवी."

पोराचं म्हणणं, ब्रेक छोटे पडतायत. आणि वळणावर गाडी वळत नाही, सरळ पळते, म्हणून तो मागचा बार. आता खरं सांगायचं तर पोरगा अडाणी नव्हता. पुढून ओढणाऱ्या गाडीत वजन पुढे, इंजिन पुढे, ओढणं पुढच्या चाकांनी, वळणंही त्यांनीच, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच, म्हणून नाक बाहेर जातं, मागचं टोक जरा कडक केलं की ते कमी होतं, हे अगदी बरोबर आहे. टायरचा हिशोबही बरोबर, कंपनीचा १६५/८० आर १४ म्हणजे साधारण ६२० मिलिमीटर उंच आणि याचा २०५/४५ आर १७ म्हणजे ६१६, स्पीडोमीटरला काही फरक नाही. पण टायरची भिंत १३२ वरून ९२ मिलिमीटरवर आली ना! चार सेंटिमीटर गादी गेली आणि खड्डे आपल्या गावचे तेच.

गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या स्प्रिंगा कापलेल्या, दीड-दोन वेढे, ग्राइंडरच्या खुणा दिसत होत्या. कोणी केलं विचारलं नाही, विचारून काय करणार, आम्हीपण जवानीत मारुती ८०० च्या कापल्यात आणि वर शान मारलीय. शॉकअप तळाला आपटू नये म्हणून असतो तो बंप स्टॉपचा रबर भुगा झालेला. म्हणजे गाडी वळणावर जरा कलली की बाहेरच्या बाजूचा शॉकअप थेट तळाला, तिथून पुढे स्प्रिंग नाहीच, नुसतं लोखंड, मग त्या एका टायरवर इतका भार येतो की तो पकड सोडतो. चाकाला खालून धरणारे लोअर आर्म तर चाकाकडे वर चढलेले, त्यामुळे कललं की चाकही सरळ उभं न राहता बाहेर झुकतं. याला वाटतं गाडीचा स्वभावच असा. टायर आतल्या काठाने तारेपर्यंत झिजलेले. रिमचं मधलं भोक चाक ज्यावर बसतं त्या हबपेक्षा मोठं, मधली रिंगच नाही, चाक नुसतं चार नटांवर सेंटर केलेलं, म्हणून ८० ला स्टेअरिंग थरथरायचं. शिवाय रिम दोन बोटं बाहेर आलेला, त्यात इंजिनाचा १९० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, खड्ड्यात एक चाक गेलं की स्टेअरिंग हातातून ओढून घेणार नाही तर काय.

मग ब्रेक. आई स्टुलावर बसून सगळं बघत होती. पोराला आत बसवलं, म्हटलं ब्रेक दाबून धर, आणि माझ्या हाताखालच्या पप्पूला मागचं डावं चाक फिरवायला सांगितलं. पप्पू म्हणाला, "भिया, ये तो घूम रिया है." पूर्ण पेडल दाबलेलं आणि चाक आरामात फिरतंय! ड्रम काढला तर आतले लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजून बसलेला. उजवीकडे तो हलत होता पण गळत होता, लायनरची धूळ आणि ब्रेक ऑइल मिळून काळी चटणी झालेली. टाकीत ऑइल कमी झालं की कोणीतरी वरून ओतत होतं, बस. म्हणजे चार माणसं घेऊन घाट उतरणारी गाडी फक्त पुढच्या दोन चाकांवर थांबत होती. पुढचे पॅड तापून काचेसारखे चकाकत होते, म्हणजे पकड गेलेली, आणि ऑइल चहासारखं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, नवीन डॉट ३ प्रतीचं ऑइल निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालं की हा आकडा १४० पर्यंत उतरतो, आणि एकदा उकळलं की पाइपात वाफ, वाफ दाबली जाते, पेडल खाली.

मी पोराला म्हटलं, आता यावर तू पुढे मोठी डिस्क बसवली असती तर? पुढचं वजन अजून वाढलं असतं आणि मागचे मेलेले ते मेलेलेच. तो काही बोलला नाही.

कामाला दोन दिवस गेले. मागचे सिलिंडर, लायनर, पुढचे चांगले पॅड, डिस्क साधीच, सगळं ऑइल बदलून त्याहून वरच्या प्रतीचं डॉट ४. पुढचे शॉकअप नवे, स्प्रिंगा कंपनीच्या. इथल्या छोटी ग्वालटोलीच्या सुट्या भागांच्या बाजारातून वरच्या मॉडेलचे १५ इंची अलॉय सेकंडहँड मिळाले, त्यावर १८५/६५ आर १५ चे चांगले टायर, सगळ्यात जास्त पैसे मी तिथेच घालायला लावले, कारण शेवटी गाडी थांबवतो तो टायर. अलाइनमेंट केली. मागच्या अँटी-रोल बारला मी नाही म्हटलं नाही, म्हटलं सहा महिने अशी चालव, मग नाक बाहेर जात असेल तर ये.

तिसऱ्या दिवशी मी आणि पोरगा भेरूघाटात जाऊन आलो, तोच चालवत होता. खाली चोरलपर्यंत पेडल जागच्या जागी. वर परत चढताना एका वळणावर स्वतःशीच हसला, मी काही विचारलं नाही.

दुकानात आल्यावर गाडीभोवती दोन चकरा मारल्या. "काका, एकदम टॅक्सी दिसतेय." मी म्हटलं दिसू दे. मग वाकून मागच्या चाकातून आत बघत म्हणाला, "मागचे ड्रम तरी लाल करून द्या ना."

लाल रंगाचा डबा त्याच्या डिकीतच होता. पप्पूने रंगवले, डावा जरा ओघळलाय.