कोचीत चालता चालता कानावर पडलेलं

नेत्रावती एक्सप्रेसने एर्नाकुलमला उतरलो तेव्हा अंग पार आंबून गेलं होतं, ठाण्याहून चोवीस तासांच्या वर प्रवास, त्यात ऑक्टोबरचा उकाडा. तरी बायको म्हणाली रिक्षा नको, बोटीने जाऊ. जेट्टीवर येऊन फोर्ट कोचीची बोट पकडली आणि पलीकडे उतरलो तिथून पुढचे तीन दिवस जवळपास सगळं पायीच.

पहिला पोपट लगेच झाला. मट्टंचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो हे आधी बघायला हवं होतं, नाही बघितलं, चूक माझीच. ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद, शुक्रवारी दुपारनंतरही नाही. त्यामुळे जाणार असाल तर वार बघून जा. मासे पकडायच्या चिनी जाळ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, सगळ्यांनी फोटो टाकलेत. सेंट फ्रान्सिस चर्चमधे वास्को द गामाची कबर आहे, पण रिकामी. 1524 ला इथे मेला, पुरला आणि नंतर अवशेष पोर्तुगालला नेले.

संध्याकाळी कथकली. खेळ साडेसहाला होता पण आम्ही पाचलाच जाऊन बसलो कारण मेकअप समोर बसून बघता येतो, आणि खरं सांगू, मला खेळापेक्षा तेच जास्त आवडलं. नट चटईवर उताणा पडलेला, डोळे मिटलेले, जवळजवळ झोपलेलाच. दुसरा माणूस डोक्याशी बसून हनुवटीच्या कडेने पांढरी कमान चिकटवतोय, तिला चुट्टी म्हणतात. पूर्वी ती तांदळाच्या पिठाची आणि चुन्याची थरावर थर देऊन बांधायचे, आता कागद कापून लावतात. चेहरा हिरवा म्हणजे पच्चा, नायक. शेवटी नटाने एका फुलातली बारीक बी तळहातावर चोळली, खालच्या पापणीत सरकवली आणि डोळे फिरवत बसला. थोड्या वेळाने डोळे लालभडक! बायकोने माझा हात घट्ट धरला. चेंडा म्हणजे इथला ढोल, तो वाजायला लागला की तो कानात नाही, छातीत वाजतो. मागे दोन गायक उभे, एक पुढचा एक साथीचा, पात्र स्वतः एक शब्द बोलत नाही, सगळं ते दोघं गातात.

बाहेर पडताना भिंतीवर चविट्टु नाटकाचं पोस्टर दिसलं. चविट्टु म्हणजे पाय आपटणं. पोर्तुगीजांच्या काळात इथल्या ख्रिश्चनांनी उभं केलेलं नाटक, मखमली अंगरखे, मुकुट आणि फळ्यांचा रंगमंच दणदण वाजवत नाचायचं. त्यातला एक मोठा खेळ युरोपातल्या शार्लमेन राजाचा, त्याला हे कारल्मान म्हणतात. मी कुडाळचा, त्यामुळे मला लगेच दशावतार आठवला, आमच्याकडेही राजा असाच ठसक्यात एंट्री घेतो. खेळ काही बघायला मिळाला नाही, ती हळहळ आहेच.

शनिवारी बाझार रोडने मट्टंचेरीला चालत, अडीचेक किलोमीटर असेल. वाटेत ऍस्पिनवॉल हाऊस, पेपर हाऊस. या जुन्या वखारींमधे 2012 पासून बिएनाले, म्हणजे मोठं कलाप्रदर्शन, भरतं, ते सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघेही आपल्या मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. आम्ही गेलो तेव्हा बिएनाले नव्हतं, पण बाहेरच्या भिंतींवरची चित्रं तशीच आहेत, शेवाळ चढलेली, पोपडे सुटलेली, एका मोठ्या चेहऱ्याच्या बरोबर नाकातून पिंपळ उगवलेला. पुढे गोदामांतून सुंठेचा वास येतो, इतका की घसा खवखवतो.

मग मट्टंचेरीतलंच चेरलाई. इथे गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्वम आहे, पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली ही मंडळी. देवळाबाहेर फुलं विकणाऱ्या आजींनी विचारलं, तुमी खंयचे? मी तिथेच हसलो. त्यांची कोंकणी मल्याळमच्या चालीत, माझी मालवणी शिव्यांच्या चालीत, तरी पाव तास गप्पा झाल्या! इथल्याच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तिघा वैद्यांनी डचांना झाडपाल्याची माहिती दिली, त्यावरून ॲमस्टरडॅमला 1678 ते 1693 मधे हॉर्टस मलबारिकस या वनस्पतींवरच्या ग्रंथाचे बारा खंड निघाले, आणि पहिल्या खंडात त्यांचं पत्र चक्क नागरी लिपीत छापलंय.

रविवारी एकदाचा राजवाडा. पोर्तुगीजांनी 1555 ला राजासाठी बांधला, डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव डच पॅलेस, म्हणजे मेहनत एकाची आणि पाटी दुसऱ्याची. राजाच्या झोपायच्या खोलीच्या भिंतींवर रामायण. काव, पिवळी माती, हिरवा, काजळीचा काळा, आणि बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही, माणसाला माणूस चिकटलेला, आपल्या लोकलसारखं. फोटो काढू दिले नाहीत ते बरंच झालं, लोक निदान बघत तरी होते.

सिनेगॉग 1568 चं. चप्पल काढून आत गेलो, पायाखाली चीनहून आणलेल्या निळ्या पांढऱ्या फरशा, हाताने रंगवलेल्या त्यामुळे एक दुसरीसारखी नाही. बायको खाली मान घालून फरक शोधत बसली. इथल्या ज्यू बायका लग्नात वगैरे मल्याळममधे गाणी म्हणायच्या, वह्यांत उतरवून ठेवायच्या, आईकडून लेकीकडे. आता इथे ज्यू जवळजवळ उरलेलेच नाहीत, बहुतेक इस्रायलला गेले, वह्याही बरोबर गेल्या. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच, फक्त जातं आपण इथेच राहून घालवलं.

संध्याकाळी चहा पीत होतो तर वरच्या मजल्यावरून हार्मोनियम. चहावाला म्हणाला जा ना वर. मट्टंचेरीत हे वेड जुनं आहे, गुजराती, कच्छी, दख्खनी मुसलमान अशी सरमिसळ वस्ती, त्यामुळे हिंदी गाणं आणि गझल इथे घरातलीच. याच भागातला मेहबूब बूट पॉलिश करता करता गायक झाला, लग्नाघरी गायचा, मग सिनेमात. 1981 ला गेला तरी त्याचं नाव आजही तोंडात. मल्याळम गझल लोकांपर्यंत नेणारा उंबायी तर मुंबईत येऊन तबला शिकून गेलेला.

वर सात आठ म्हातारे, एक पंखा, भिंतीला टेकवलेला तबला. रफी झाला, मग मेहदी हसन. मुंबईचे म्हटल्यावर मला म्हणाले मराठी म्हणा. मला गाता येत नाही हे बायको सांगेपर्यंत मी एक अभंग सुरू केला होता, पहिलं कडवं झालं आणि पुढचे शब्दच आठवेनात. हार्मोनियमवाल्या काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, भाता हलवला आणि पुढचं कडवं शब्दांशिवाय स्वतःच वाजवून पुरं केलं. बाकीचे टाळी धरून होते. खाली आलो तेव्हा चहावाल्याने विचारलं, कोण गात होतं? बायको म्हणाली, माहीत नाही.