खांद्यांवरची मुलं

मार्चअखेर शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली, की थायलंडच्या वायव्येकडच्या डोंगरांत, माए होंग सोनला, शान लोकांचा 'पोय सांग लोंग' भरतो. पोय म्हणजे उत्सव, सांग लोंग म्हणजे होऊ घातलेला श्रामणेर, बौद्ध बालभिक्खू. चिआंग माईहून यायचं तर १,८६४ वळणं, असं इथे सांगतात. ती पार करून मी या मुलांबरोबर चालायला आले.

मुंडण आधीच झालेलं. सकाळी बघते तर तीच मुलं राजपुत्र झालेली! डोक्याला फुलांचा फेटा, अंगभर जर, ओठांना लाली. सिद्धार्थाने सोडलेलं वैभव आधी अंगावर घ्यायचं, मग उतरवायचं. तोवर पाय मात्र जमिनीला लागू द्यायचा नाही. बाप, काका, मामा आळीपाळीने खांद्यावर घेतात आणि नुसते चालत नाहीत, ढोलावर नाचतात. वरची सोनेरी छत्री हिंदकळते, मूल पेंगतं, घामेजलेला खांदा बदलतो.

मिरवणुकीत पुढे नगरदेवतेचा घोडा, पाठीवर स्वार नाही. आळंदीच्या पालखीपुढचा माउलींचा अश्व आठवला आणि परकेपण तिथेच गळालं.

बायका दानाचं सामान घेऊन चालतात. माझ्या शेजारी एक आई होती, हातात चीवरांचं, म्हणजे भिक्खूंच्या वस्त्रांचं, जड ताट. भाषा एकमेकींची येत नव्हती. चढावर तिने ताटाची एक कड माझ्या हाती दिली, मग तळ्याकाठच्या चोंग खाम आणि चोंग क्लांग विहारांची शिखरं दिसेपर्यंत आम्ही दोघींनी ते धरलं. इथे बायकांना चीवर मिळत नाही, हे मला खुपतं. म्हणूनच लेकाच्या दीक्षेचं पुण्य आईला, असं मानतात. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

दीक्षेच्या दिवशी फेटे उतरले, दागिने उतरले. मुलं पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली आणि किती लहान दिसली! "फुत्थंग सरनंग..." उच्चार निराळा, पण माझे ओठ आपोआप हलले. नागपुरात आजीच्या मांडीवर बसून शिकलेलं तेच 'बुद्धं सरणं...', तेच त्रिसरण.

चीवर अंगावर आल्यावर त्या आईने लेकाला तीनदा वाकून वंदन केलं. त्याने मान वळवली नाही. माझ्या मुलाने दहा दिवसांची श्रामणेर दीक्षा घेतली, तेव्हा मीही त्याच्यापुढे अशीच वाकले होते. तोही असाच समोर बघत बसला होता.